इम्युनोचा डोस: बाटलीची किंमत आणि बाटलीनंतरचा खर्च

मिरजेत कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलबाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं, की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एका डोसला किती? आणि असे डोस किती? माणूस जतचा असो, आटपाडीचा असो की पाटणच्या खोऱ्यातला, मोबाईलवर गुणाकार चालू असतो आणि मनात ऊसबिलाचा पुढचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, घरातलं सोनं यांची बेरीज. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. या औषधानं उलटा त्रास झाला तर तो निस्तरायला किती लागतील, आणि कुठल्या औषधानं तो त्रास कमी होतो?

केमोबद्दल हे विचारावं लागत नाही. केस जातात, उलट्या होतात, पेशी कमी होतात, हे आता गल्लीतल्या कुणालाही ठाऊक असतं. इम्युनोथेरपीत यातलं बहुतेक होत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की हे निर्धोक औषध. ते निर्धोक नाही. त्याचा त्रास वेगळा असतो, उशिरा येतो, आणि लवकर ओळखला तर काहीशे रुपयांत आटोपतो. उशिरा ओळखला तर आयसीयूचं बिल बाटलीच्या बिलाशी स्पर्धा करतं. औषधांची तुलना करायची तर हे दोन्ही आकडे एकाच कागदावर हवेत.

आधी हे औषध करतं काय ते. आपल्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे दारात बांधलेला कुत्रा समजा. घरच्यांना चावू नये म्हणून त्याच्या गळ्यात साखळी असते. कॅन्सरची गाठ ही साखळी ओढून धरते आणि कुत्रा चोराकडे नुसता बघत बसतो. इम्युनोथेरपीची आजची प्रमुख औषधं ही साखळी सोडतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. साखळी सुटली की कुत्रा चोरावर धावतो, आणि कधी घरच्या माणसालाही चावतो. हा चावा म्हणजेच दुष्परिणाम. तो आतड्याला बसेल, थायरॉईडला, लिव्हरला, फुप्फुसाला की कातडीला, हे आधी सांगता येत नाही.

साखळ्या दोन प्रकारच्या. एक सीटीएलए-४ नावाची; ती सोडणारं औषध इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, या घराण्यातलं पहिलं. दुसरी पीडी-१ आणि तिची जोडीदार पीडी-एल१. पेम्ब्रोलिझुमॅब म्हणजे कीट्रुडा आणि निव्होलुमॅब म्हणजे ऑपडायटा ही पीडी-१ ची औषधं. अटेझोलिझुमॅब म्हणजे टेसेंट्रिक आणि दुर्व्हालुमॅब म्हणजे इम्फिन्झी ही पीडी-एल१ ची. सातारा-सांगलीच्या रुग्णाच्या कागदावर बहुधा या चारांपैकीच एखादं नाव असतं.

कोण किती चावतं

पीडी-१ आणि पीडी-एल१ च्या औषधांवर २०१९ मध्ये जामा ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. १२५ चाचण्या, २०,१२८ रुग्ण. शंभरातल्या ६६ जणांना औषधामुळे काही ना काही त्रास झाला, पण गंभीर त्रास १४ जणांनाच. सगळ्यात जास्त आढळलेल्या तक्रारी म्हणजे थकवा (शंभरात १८), खाज (११) आणि जुलाब (९). पीडी-एल१ ची औषधं गंभीर त्रासाच्या बाबतीत पीडी-१ पेक्षा थोडी सौम्य निघाली, आणि निव्होलुमॅबचा त्रास पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा किंचित जास्त. पण हे वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष आहेत. तेवढ्यावरून डॉक्टरांकडे औषध बदलून मागू नका. कुठलं औषध लागू पडतं हे कॅन्सर कुठला आणि कितव्या टप्प्यातला यावर ठरतं.

खरा मोठा फरक आहे तो एक साखळी सोडली की दोन, यात. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरवरची चेकमेट ०६७ ही चाचणी यासाठी पाहावी. एकट्या निव्होलुमॅबवर गंभीर त्रास शंभरात २१ जणांना, एकट्या इपिलिमुमॅबवर २८, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर तब्बल ५९. दुष्परिणामानंच जीव जाण्याचं प्रमाण २०१८ च्या एका आढाव्यात असं आलं: पीडी-१ औषधांवर ०.३६ टक्के, पीडी-एल१ वर ०.३८, सीटीएलए-४ वर १.०८ आणि जोडीवर १.२३. म्हणून कागदावर दोन इम्युनो औषधं एकत्र लिहिली असतील, तर दुष्परिणामासाठी बाजूला ठेवायची रक्कम दुप्पट-तिप्पट धरा, आणि रात्री-अपरात्री तासाभरात हॉस्पिटल गाठता येईल अशा ठिकाणी पहिले तीन महिने राहा.

केमोशी तुलना केली तर? फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कीनोट ०२४ चाचणीत एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबवर औषधामुळे गंभीर त्रास २६.६ टक्के रुग्णांना, केमोवर ५३.३ टक्के. आपल्या भागाला जास्त जवळची चाचणी कीनोट ०४८, कारण ती तोंड-घशाच्या कॅन्सरची आहे. तंबाखू-चुना आणि मिश्रीनं हा रोग इथं घरोघरी आणून ठेवलाय, आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा पानपट्टीवर कसा मिळतो हे मी सांगायला नको. या चाचणीत, कारण काहीही असो, गंभीर त्रास झालेले रुग्ण एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबवर ५५ टक्के, पेम्ब्रोलिझुमॅब आणि केमो एकत्र दिल्यावर ८५ टक्के, आणि जुन्या पद्धतीच्या सेटुक्सिमॅब-केमोवर ८३ टक्के. म्हणजे इम्युनोसोबत केमो जोडली की केमोचा सगळा त्रास परत येतो. तेव्हा बिलात पेशी वाढवण्याची इंजेक्शनं, सलाईन, रक्त, ॲडमिशन हेही धरावं लागतं.

दुर्व्हालुमॅबची गोष्ट वेगळी. ते बऱ्याचदा तिसऱ्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरला केमो-रेडिएशन झाल्यावर देतात, म्हणजे आधीच भाजून निघालेल्या फुप्फुसावर. पॅसिफिक चाचणीत या औषधावर फुप्फुसाला सूज आलेले ३४ टक्के होते, आणि नुसतं पाणी टोचलेल्या गटात २५ टक्के. म्हणजे बहुतांश सूज रेडिएशनची. गंभीर सूज दोन्हीकडे तीन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे अडचण अशी, की खोकला आणि धाप घेऊन माणूस गावातल्या दवाखान्यात गेला की आधी टीबीची थुंकी तपासली जाते. ती तपासू द्या, पण छातीचा सीटी स्कॅन त्याच दिवशी होईल हे बघा.

कुठला त्रास कितीला पडतो

थायरॉईडवर घाव बसणं हे यातलं नेहमीचं. पीडी-१ औषधांवर शंभरात साधारण सात-दहा जणांना. माणूस सुस्तावतो, थंडी वाजते, वजन वाढतं, आणि घरचे म्हणतात, रोगानं थकला. टीएसएच ही तपासणी काहीशे रुपयांची, गोळी रोजची एक-दोन रुपयांची, बहुधा आयुष्यभर. इम्युनो थांबवावी लागत नाही. इतका स्वस्त दुष्परिणाम दुसरा नाही. पण तपासलाच नाही तर रुग्ण महिनोन् महिने अंथरुणात पडून राहतो.

खाज-पुरळ सहसा सगळ्यात आधी येतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. मलम, खाजेची गोळी, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. तोंडात फोड आले किंवा कातडी सोलायला लागली तर मात्र मलम चोळत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

जुलाब हा पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात फसवा त्रास. सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला येतो. आपल्याकडे जुलाब म्हटलं की बाहेरचं खाल्लं, पाणी बाधलं. मेडिकलवाला जुलाब बंद व्हायची गोळी आणि अँटिबायोटिक देतो, आणि दोन दिवस जातात. हे आतड्याचं इन्फेक्शन नसून सूज असेल तर त्याला स्टेरॉईड लागतं. नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त जावं लागलं, रक्त पडलं किंवा पोटात मुरडा धरून बसला, तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरला फोन करायचा. साठ किलोच्या माणसाला प्रेडनिसोलोन दिवसाला ३० ते ६० मिलिग्रॅम, मग चार-सहा आठवड्यांत हळूहळू उतरवत बंद; गोळ्यांचा सगळा खर्च काहीशे रुपये. उशीर झाला आणि स्टेरॉईडनं दाद दिली नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब द्यावं लागतं. साठ किलोला ३०० मिलिग्रॅम म्हणजे तीन व्हायल, आणि एकेक व्हायल हजारोंची. त्याआधी टीबीची तपासणीही हवी, कारण दबा धरून बसलेला टीबी या औषधानं उठतो.

लिव्हरला आलेली सूज दिसत नाही, ती रक्ताच्या रिपोर्टमध्येच कळते. म्हणून प्रत्येक डोसआधी एलएफटी. 'मागच्या वेळी नॉर्मल होती, या वेळी राहू दे' अशी काटकसर इथं करू नये.

आणि घरातली एक काटकसर उलटी महाग पडते ती गुळवेलीची. औषधाचं नाव इम्युनोथेरपी, म्हणून घरचे इम्युनिटी वाढवायला काढे सुरू करतात. साखळी आधीच सोडलीय. आता कुत्र्याला डिवचायचं कशाला? मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवून २०२१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. इम्युनो चालू असताना लिव्हरची एन्झाइम्स वाढली तर ती काढ्यानं वाढली की औषधानं, हे शोधण्यात डोस पुढे जातो, बिल वाढतं. एवढं कारण काढा बंद ठेवायला पुरे.

साखर एकाएकी तीनशे-चारशेवर गेली तर तो साधा मधुमेह समजू नका. शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतो, पण झाला तर स्वादुपिंड कायमचं बंद पडतं आणि इन्सुलिन आयुष्यभर लागतं. याहून दुर्मिळ आणि याहून वाईट म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. ज्यांना ती येते त्यांच्यातले शंभरात चाळीस जण दगावतात असं २०१८ च्या त्याच आढाव्यात दिसलं. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. छातीत दुखणं, धाप, पापणी पडणं, मान उचलता न येणं. पहिल्या डोसआधी ईसीजी आणि ट्रोपोनिन करून ठेवलं, तर पुढे तुलनेला काहीतरी हातात राहतं.

तेव्हा पहिल्या डोसआधीच्या तपासण्यांचं एक पाकीट: सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन, साखर, टीएसएच, सकाळचं कॉर्टिसोल, ईसीजी, ट्रोपोनिन, बी कावीळ. सांगली-मिरजेत लॅबची स्पर्धा आहे. सगळ्या एकदम सांगून दर विचारला तर कमी होतो. हा खर्च टाळण्यातला नाही. संधिवात, सोरायसिस, आतड्याची जुनी सूज, कुणाचं बदललेलं मूत्रपिंड, यातलं काही पूर्वी असेल तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगा. लपवलं तर चावा तिथंच बसतो.

आता बाटलीचा गुणाकार

दोन वर्षांपूर्वीचा एखाद्या नातेवाइकाचा आकडा आज धरू नका. कीट्रुडावरची सीमाशुल्काची आकारणी १ एप्रिल २०२३ पासून गेली, दुर्व्हालुमॅबची जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि अटेझोलिझुमॅब शून्याच्या यादीत गेलं. बिलावर जीएसटीची ओळ वाचा.

सगळ्यात मोठा बदल निव्होलुमॅबमध्ये. झायडस कंपनीनं जानेवारी २०२६ मध्ये त्याचं बायोसिमिलर 'तिष्ठा' नावानं बाजारात आणलं. १०० मिलिग्रॅमची व्हायल २८,९५० रुपये आणि ४० मिलिग्रॅमची १३,९५० रुपये अशा जाहीर किमतीत. निव्होलुमॅबचा पूर्ण डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. म्हणजे १०० च्या दोन आणि ४० ची एक: ७१,८५० रुपये. वर्षाला २६ डोस: १८,६८,१०० रुपये. हेच औषध ४८० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनीही देतात. औषधाचा खर्च तोच, पण फेऱ्या २६ ऐवजी १३. कोयनानगरहून कराडला किंवा जतहून मिरजेला भाड्याची गाडी करून येणाऱ्याला, वर सोबतच्या माणसाची रोजी बुडणाऱ्याला, हा फरक मोठा आहे. तरी पहिले दोन-तीन महिने कमी अंतराचे डोस असले तर वाईट नाही. दर वेळी तपासणी होते आणि त्रास लवकर पकडला जातो.

पेम्ब्रोलिझुमॅबचा ठरलेला डोस २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, म्हणजे १०० च्या दोन व्हायल, वर्षाला १७ वेळा. किंवा ४०० मिलिग्रॅम सहा आठवड्यांनी. एका व्हायलची छापील किंमत लाखाच्या पुढे. इथं एक प्रश्न आवर्जून विचारा. हे औषध सुरुवातीला किलोमागे २ मिलिग्रॅम या हिशेबानं मंजूर झालं होतं, आणि कॅनडासारख्या देशात आजही ते वजनावर देतात. तोंडाच्या कॅन्सरनं जेवण सुटलेला आपला रुग्ण कैकदा ५० किलोच असतो. किलोमागे २ म्हणजे १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोनऐवजी एक व्हायल. 'डॉक्टर, वजनावर बसवता येईल का?' या एका वाक्यात बिल निम्मं होऊ शकतं. नाही म्हणाले तर कारण विचारून घ्या.

त्याहून पुढचं पाऊल परळच्या टाटा हॉस्पिटलनं टाकलं. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या चमूनं डोकं-मान-तोंडाच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०२३ च्या जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आली. निम्म्यांना तीन गोळ्यांची केमो, म्हणजे आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोज एर्लोटिनिब, रोज दोनदा सेलेकॉक्सिब. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि वर निव्होलुमॅब, पण २४० नव्हे, फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३ टक्के. आणि आपल्या विषयाचा आकडा: गंभीर त्रास पहिल्या गटात ५० टक्के, निव्होलुमॅबवाल्यांत ४६ टक्के. इम्युनो जोडून त्रास वाढला नाही.

आता गुणाकार करा. २० मिलिग्रॅमसाठी ४० ची व्हायल फोडली आणि अर्धी फेकली, तरी १३,९५० गुणिले १७: २,३७,१५० रुपये वर्षाला. त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत दुसऱ्या रुग्णासोबत व्हायल वाटून घेतली तर १,१८,५७५. अठरा लाखांचा आकडा सव्वा लाखावर आला. म्हणून विचारायचा प्रश्न: तुमच्याकडे कमी डोसवाले रुग्ण एकाच दिवशी बोलावता का? उरलेली अर्धी व्हायल घरच्या फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या डोसला वापरायची मात्र कल्पनाही करू नका. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर ती गोळी जीव घेते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.

एक इशारा इथंच देतो. ही चाचणी डोकं-मानेच्या, बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रोगाची होती. कमी डोस सगळ्याच कॅन्सरना चालतो असा तिचा अर्थ नाही. ज्यांचा कॅन्सर बरा होण्याजोगा आहे त्यांनी पैशापायी डोस कमी करून मागू नये.

सगळ्यांना हे औषध लागूही पडत नाही. आधी पीडी-एल१ ची तपासणी, काही कॅन्सरमध्ये एमएसआयची. काही हजारांत होते आणि लाखांचा निर्णय करते. तीन-चार डोस झाल्यावर स्कॅन होतो. फायदा नसेल तर औषध थांबवायचं हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ठेवा. म्हणजे सुरुवातीला तीन-चार डोसांचे आणि दुष्परिणामाचे म्हणून वेगळे पन्नास-साठ हजार एवढीच सोय करायची. माझ्या मते पहिल्या स्कॅनच्या आधी रान विकायचं नाही.

पैसा कुठून

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. इम्युनोचं महाग इंजेक्शन बसतंच असं धरून चालू नका. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पॅकेजचं नाव विचारा, किंवा १५५३८८ वर. बसत नसेल तरी बाकीचे उपचार योजनेत करून रोख रक्कम इम्युनोसाठी राखता येते. मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आणि महात्मा गांधी कॅन्सर हॉस्पिटल, कराडचं कृष्णा, साताऱ्याजवळ शेंद्र्याचं ऑन्को-लाइफ, जिथं जाल तिथं हा प्रश्न आधी, बेड नंतर.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आता मंत्रालयात चकरा नकोत, जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे. उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि हॉस्पिटलचं अंदाजपत्रक. हॉस्पिटल खासगी असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची सही. मदत ठरावीक असते, सगळं बिल त्यातून निघत नाही. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवणं उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार बंधनकारक आहे. पुण्याला नेणार असाल तर आधी ते हॉस्पिटल धर्मादाय आहे का, हे विचारा.

खासगी विमा असेल तर पॉलिसीत 'आधुनिक उपचार' हे कलम शोधा. मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या इंजेक्शनची इम्युनोथेरपी या यादीत आहे. ती कंपनीला वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. दहा लाखांची पॉलिसी आणि आत अडीच लाखांची मर्यादा असं बरेचदा निघतं. डोस घेऊन संध्याकाळी घरी आलात तरी दावा चालतो. चोवीस तासांची अट डे-केअरला नाही. दावा नाकारला तर पुण्याच्या बीमा लोकपालांकडे तक्रार फुकट होते.

औषध कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, काही विकत घ्या, काही मोफत अशा. नाव पहिल्या व्हायलच्या आधी नोंदवायचं असतं. नंतर गेलात तर घेतलेले डोस बहुधा मोजले जात नाहीत. टाटाला जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो, परतीसाठीही.

व्हायल बाहेरून स्वस्तात आणून देतो म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी हॉस्पिटलांतून रिकाम्या व्हायल विकत घेऊन त्यात बुरशीवरचं औषध भरायची आणि कीट्रुडा, ऑपडायटा म्हणून विकायची. पक्कं बिल, बॅच नंबर, सीलचा मोबाईलवर फोटो, आणि २ ते ८ अंशांत बर्फाच्या खोक्यातून आलेली व्हायल. डोस झाला की रिकामी व्हायल आपल्यासमोर फोडायला सांगा किंवा लेबलावर काळ्या पेनानं रेघ मारा. सिस्टर रागावणार नाहीत, त्यांनाही हे माहीत आहे.

शेवटी एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहा, प्लॅस्टिकमध्ये घाला आणि रुग्णाच्या खिशात आधार कार्डाबरोबर ठेवा. रात्री विटा, म्हसवड, दहिवडी, शिराळा, जिथं पहिला डॉक्टर भेटेल तिथं ती दाखवायची:

'मला कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालू आहे. औषध अमुक, शेवटचा डोस अमुक तारखेला. मला जुलाब, धाप, ताप, कावीळ, खूप सुस्ती, छातीत दुखणं किंवा एकाएकी साखर वाढणं असेल तर ते या औषधाचा दुष्परिणाम असू शकतं आणि त्याला स्टेरॉईड लागू शकतं. उपचाराआधी किंवा उपचार करता करता माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.' खाली डॉक्टरांचा आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा नंबर.

शेवटचा डोस झाला म्हणून चिठ्ठी फेकू नका. हा त्रास औषध थांबल्यावर महिन्यांनीही येतो, म्हणून पुढचं निदान वर्षभर ती खिशातच राहू दे. स्टेरॉईड चालू असेल तर त्याचा आजचा डोस तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. पेन्सिलीनं अशासाठी, की तो दर आठवड्याला कमी होत जातो.